ही गाडी हिरवी आहे

१६ जुलै

परवा सकाळी मी गाडीला माझं नाव सांगितलं.

आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि अनवाणी अंगणात गेलो. झेंडूची माळ, केळ्यांची फणी, उकडलेलं अंडं आणि तांबड्या सरबताची बाटली असं सगळं ताटात मांडून पुढच्या चाकापाशी ठेवलं. उदबत्त्या लावल्या आणि हात जोडून म्हणालो, "मे यानांग, मी प्रयून. जन्म सोमवारचा. मखामच्या वरच्या अंगाला माझी डुरियनची बाग आहे. आजपासून ही गाडी मी चालवणार. आधीच्या घरी तुमचं काय राहिलं असेल ते मला ठाऊक नाही. माझं चुकलंमाकलं तर समज द्या, पण जिवावर बेतू देऊ नका."

नावेत राहते तशी प्रत्येक वाहनात एक बाई राहते, हे मी आईच्या मांडीवर ऐकलं. आमच्या पिकअपमधल्या बाईशी माझं वीस वर्षं जमलंय. ही मात्र परकी. तांबडी, जर्मन बनावटीची गाडी, दोनच माणसांची, इंजिन पाठीमागे, बसलं की बूड जवळजवळ रस्त्याला लागतं. चोनबुरीच्या दलालाने ती ट्रकवर घालून दारात आणून उतरवली. आधीची मालकीण दातांची डॉक्टर होती, परदेशी निघून गेली म्हणे. सीटखाली तिची केसांची पिन सापडली. मी ती टाकली नाही, खणात ठेवून दिली.

गावच्या शाळेत होतो तेव्हा एकदा अशीच एक तांबडी गाडी आमच्या मातीच्या रस्त्याने गेली होती. गुरुजींनी सगळ्या वर्गाला खिडकीशी जाऊ दिलं. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे होतो. यंदा झाडांनी हात दिला आणि मला ती धूळ आठवली. याहून वेगळं कारण मला सांगता येत नाही.

माझी बायको लामदुआन गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "दोघांचीच जागा. बाजारातून येताना मी उतरू की कोबी?"

मग तिला माझा वार आठवला. सोमवारी जन्मलेल्याला तांबडं वर्ज्य. बाजारात पट्ट्या मिळतात, तिने संध्याकाळीच आणून मागच्या काचेवर चिकटवली: 'ही गाडी हिरवी आहे.' दलालाचा पोरगा कागद द्यायला आला होता, तो खो खो हसला. लामदुआन म्हणाली, "तू कशाला हसतोस? तुझ्यासाठी नाही लावली. ग्रहांना वाचता येतं."

जाता जाता तिने उजव्या दारातून वाकून स्टिअरिंगला हात लावला. मी वयाने मोठा, म्हणून मला ती 'पी' म्हणते. "एक फेरी मारू का, पी?"

मी म्हणालो, "विहारातल्या लुआंगपोंची खूण होऊ दे आधी."

तिने हात काढून घेतला. बरोबरच होतं ते. खूण काढल्याशिवाय गाडी हलवू नये.

१९ जुलै

लुआंगपो स्वतः आले. विहाराचे प्रमुख, पाय दुखतात, तरी आले. चालकाच्या डोक्यावर छताला पांढऱ्या लेपाने खूण काढली, पाणी शिंपडलं. मी माझी शंका विचारली. इंजिन मागे आहे, मग मे यानांग पुढे राहते की मागे? माळ कुठे बांधायची?

"तू नमस्कार कुठे करतोस?"

"पुढे."

"मग तिला पुढे यावं लागेल, नाही का?" म्हणाले आणि चहा मागितला.

माळ आरशाला बांधली. मनाला तेवढं समाधान नाही. मला अजून शंका आहेत, पण त्यांचे पाय दुखत होते.

२१ जुलै

आजपासून वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने. यंदा ठरवलं आहे की प्रत्येक उपोसथाला, म्हणजे आठवड्याच्या व्रताच्या दिवशी, अष्टशील घ्यायचं, दिवसभर आणि रात्री विहारातच राहायचं. कालपासूनच सुरुवात केली. गाडी घेऊन गेलो नाही. पांढऱ्या वस्त्रातला माणूस त्या गाडीतून उतरताना कसा दिसेल? पिकअप नेली. लामदुआनला म्हणालो, "तू एकटी राहशील ना?"

"राहीन की," ती म्हणाली. "सावकाश या."

२४ जुलै

लिहायला लाज वाटते. आज गाडी घेऊन मखामला निघालो. शाळेच्या पोरांची व्हॅन मला मागे टाकून गेली. मागच्या खिडकीत पोरं पट्टी वाचून नाचत होती, "हिरवी! हिरवी!" मग बाजूला टोपली जोडलेली मोटारसायकल पुढे गेली, तिच्यावर एक म्हातारी आणि दोन कोंबड्या. पाय जरा दाबला की गाडी अशी हुंकारते की मी लगेच पाय उचलतो. मी एकोणपन्नासचा आहे. नवाने संपणारं वय वाईट, हे सगळेच जाणतात. नोव्हेंबरात पन्नाशी लागेपर्यंत जपून राहायला हवं, आणि मी हे काय आणून ठेवलं दारात?

परत यायच्या वेळी गाडी सुरूच होईना. चेत आला. त्याचं गॅरेज बाजाराच्या टोकाला आहे. तारा जोडून गाडी चालू केली आणि म्हणाला, "काका, वाघीण घेतलीत आणि मांजरासारखं वाटीत दूध पाजताय. पळवा तिला. उभी राहून राहून मरेल."

घरी येऊन लामदुआनला सांगितलं. तिने विचारलं, "दुसऱ्या गिअरला जड जाते की हलकी?"

"मला काय माहीत! जाते."

लामदुआनच्या वडिलांचा सहाचाकी ट्रक होता. लग्नाआधी ती तो घेऊन बँकॉकच्या बाजारात डुरियन उतरवून सकाळी घरी परत यायची. लग्नानंतर पिकअप घेतली, मी उजवीकडे बसलो, ती डावीकडे. कुणी ठरवलं नव्हतं, तसं झालं. आता ती म्हणते, हात विसरले असतील.

रात्री तीनदा उठून खिडकीतून गाडीकडे पाहिलं. काय पाहायचं असतं, कळत नाही.

२९ जुलै

आज विहारातून परतलो, पिकअप लावली, सवयीने गाडीची माळ बदलायला गेलो. बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुढे सरकली आहे. चांगली वीतभर.

मी सरकवलेली नाही. लामदुआन बागेत मँगोस्टीनच्या वाळलेल्या फांद्या छाटत होती. तिला काही बोललो नाही. उगाच घाबरायची.

२ ऑगस्ट

तीन दिवस मनात ठेवलं, आज जेवताना बोललो.

"लामदुआन, गाडीतली बाई हलते आहे."

तिच्या हातातला चमचा थांबला. "कोण बाई?"

"मे यानांग. उपोसथाला मी नव्हतो तेव्हा सीट पुढे आली. त्या दिवशी अशा शक्ती जागतात, हे तुलाही माहीत आहे. आणि आधीची मालकीण बाईच होती ना, ठेंगणी असणार. तिलाच ही धरून बसली आहे. मला मानत नाही."

लामदुआनने बराच वेळ भात चावला. मग म्हणाली, "असेल बाई. बसू द्या की तिला."

"रागावली असेल का?"

"रागावल्यासारखं काय दिसलं तुम्हाला?"

"तसं काही नाही."

"मग? एवढी वर्षं एकाच जागी बसून कंटाळली असेल बिचारी." आणि उठून भांडी घासायला गेली. पाठमोरी होती. खांदे हलत होते. ती भ्यायली असावी.

उद्यापासून गाडीत तांबड्या सरबताची बाटली ठेवणार, नळीसकट.

५ ऑगस्ट

काल उपोसथ. आज सकाळी परतल्यावर चप्पलही न काढता गाडीकडे गेलो.

बाटली निम्मी रिकामी.

सीट पुढे. आरसा खाली वळलेला. मागच्या चाकांना धरणाकडची तांबडी माती, आणि ती अजून ओली. म्हणजे बाई फक्त बसत नाही. हिंडते.

मी तिथेच जमिनीवर बसून नमस्कार केला. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. नैवेद्य घेतला म्हणजे आपल्याला अगदीच टाकलेलं नाही. लामदुआन पायऱ्यांवर केस पुसत उभी होती. "काय झालं, पी?"

"सरबत प्यायली."

"गोड होतं का, विचारा."

अशा गोष्टींची थट्टा करू नये, असं मी तिला सांगितलं. ती लगेच गंभीर झाली. मनाने ती चांगली आहे.

७ ऑगस्ट

तेल बदलायला चेतकडे गेलो. एक आश्चर्य म्हणजे आता गाडी पहिल्या झटक्याला सुरू होते. चेतने आपला डबा गाडीला जोडला, त्यात आकडे येतात. ते पाहून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"काका, लबाड आहात! काटा लाल रेघेला टेकवून आणलाय. एकदा नाही, कितीदा. आणि गिअर एकदाही चुकलेला नाही. मी आपला समजत होतो, काका म्हणजे देवभोळा माणूस!"

माझा काटा निम्म्यावर कधी गेलेला नाही. "चालवते... चालते चांगली," एवढंच म्हणालो.

"कुठे शिकलात हो? असं चालवणारी माणसं जुन्या ट्रकवर तयार झालेली असतात."

घाम पुसला आणि निघालो. दंतवैद्य बाई ट्रकवर कुठून शिकली असेल? की मे यानांगला सगळंच येतं?

१३ ऑगस्ट

काल उपोसथ आणि मातृदिन एकाच दिवशी आले. मुलीने बँकॉकहून मला फोन केला, विहारात. "बाबा, आई फोन उचलत नाही. सकाळपासून दोनदा लावला."

"बागेत असेल."

"बागेत," ती म्हणाली, आणि का कोण जाणे हसली.

आज घरी आलो तर गाडी धुऊन पुसून ठेवलेली. चाकांच्या आतल्या बाजूसुद्धा. मी लामदुआनला म्हणालो, "पाहिलंस? आता हे!"

"रागावलेली बाई गाडी पुसून ठेवते का?" ती म्हणाली. "मी आधीच म्हटलं होतं."

तिने आज चामुआंगच्या आंबट पाल्यात डुकराचं मांस शिजवलं होतं, माझ्या आवडीचं. स्वयंपाक करताना गात होती. तिचा आवाज असा मोकळा कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. मी मात्र ताट अर्धवट सारलं. घरात माझ्याखेरीज कुणीच अस्वस्थ नाही, यानेच मी जास्त अस्वस्थ होतो.

एक गोष्ट पटते आहे. ही बाई वेगाची आहे आणि मी तिला चिखलातल्या म्हशीसारखं नेतो. म्हणूनच ती मी नसताना निघून जाते. मालक म्हणवून घ्यायचं तर एकदा तिच्या चालीने चालवून दाखवावं लागेल.

१५ ऑगस्ट

आज अक्षर वाकडं येतं.

दुपारी धरणाच्या रस्त्याला गेलो. सकाळी सर पडून गेली होती. माळेला हात लावला, "मे यानांग, तुमच्यासाठी," म्हणालो आणि पाय दाबला. काय आवाज! पाठीला कुणी दोन्ही हातांनी ढकलावं तसं झालं. पहिलं वळण निघालं. दुसऱ्या वळणावर भीती वाटली म्हणून पाय एकदम उचलला, आणि गाडीचं मागचं अंग पुढे आलं. झाडं, पाणी, झाडं, पाणी. थांबलो तेव्हा तोंड घराकडे होतं. काठाचे दगड चाकापासून हातभर.

कशाला काही लागलं नाही. मी खाली उतरून गवतात ओकलो.

सावकाश घरी आलो. लामदुआन पायऱ्यांवरून धावत आली. माझा चेहरा पाहून तिने काही विचारलं नाही, आधी चाकं पाहिली, मग मला धरून बसवलं. सगळं सांगितलं. पाय उचलला म्हणताच ती कळवळून म्हणाली, "अहो, वळणात पाय उचलायचा नसतो! इंजिन मागे आहे, वजन सगळं..." आणि माझ्या सदऱ्याला लागलेलं गवत झटकू लागली.

"तुला काय माहीत?"

"ट्रकचं तसंच असतं," ती हळूच म्हणाली. "रिकाम्या ट्रकचं."

१६ ऑगस्ट

रात्रभर विचार केला. मी समज मागितली होती, तिने समज दिली. पुढच्या वेळी देणार नाही. वय वाईट, रंग वाईट, बाई परकी. काचेवर काहीही लिहिलं तरी गाडी तांबडीच आहे.

गाडी विकायची. रायोंगचं एक गिऱ्हाईक दलालाने सांगितलंय. एकोणतीसला पाहायला येतो म्हणाला.

लामदुआनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली. मला वाटलं होतं, सुटकेचा श्वास टाकेल. तिने निवडलेली पानं देठांत टाकली आणि देठं टोपलीत.

२० ऑगस्ट

काल उपोसथ होता. आज परतलो. बाटली भरलेली. नळी कोरडी. सीट मी ठेवली तिथेच, आरसा माझ्याच डोळ्यांना लागलेला. चाकांवर धूळ.

गेली म्हणायची.

हेच तर हवं होतं, तरी गाडीत बसून राहिलो आणि उठवेना. पाहुणा न सांगता निघून गेल्यावर घर जसं वाटतं तसं वाटत होतं. माळ वाळली होती, ती बदलली. कुणासाठी, ते माहीत नाही.

लामदुआनने आमटी करपवली. लग्नापासून तिने आमटी करपवलेली मला आठवत नाही. म्हणालो, "तब्येत बरी नाही का?" "बरी आहे." "डॉक्टरकडे जाऊ या." "कशाला?" संध्याकाळभर पायऱ्यांवर बसून ती रस्त्याकडे पाहत होती. तिचा उजवा पाय पायरीवर हलत होता, टाच टेकलेली, चवडा वरखाली.

तिलाही त्या बाईची सवय झाली होती की काय?

२४ ऑगस्ट

काही नाही. बागेत खत टाकलं. झोप नाही. लामदुआनलाही नाही. दोघं अंधारात जागे पडून असतो, आणि दोघंही झोपेचं सोंग करतो.

२७ ऑगस्ट, विहारात

वही आज इकडे आणली ते बरं झालं.

सकाळी शील घेतलं. अकराच्या सुमाराला आम्ही सगळे एकवेळचं जेवायला बसलो. उपासक, उपासिका, वर चौथऱ्यावर लुआंगपो. तेवढ्यात खालच्या रस्त्याने आवाज आला. आधी लांबून, डासासारखा. मग चढ लागला तसा आवाज जाड झाला, एक गिअर खाली आला, मग परत वर. खालून वर जाताना मध्ये जराही फट नव्हती, एकाच सुरात कुणी श्वास न घेता आळवावं तसं. वळणावर आवाज तुटला नाही. पाय कुणी उचलला नाही. मी माझ्या गाडीचा हा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो, तरी ओळखला.

माझ्या समोर आजी पिन बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी लोणचं तोंडात टाकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "आज लामदुआन उशिरा निघाली."

"शेवटचीच फेरी असेल हो," शेजारीण म्हणाली. "परवा गिऱ्हाईक येतंय ना."

"पण दर वेळी धरणाकडे जायची. आज इकडून कशी?"

मग त्यांनी मला पाहिलं. दोघी भातात तोंड घालून जेवू लागल्या. सगळं सभागृहच एकदम जेवू लागलं. सगळ्यांना ठाऊक होतं. आवाज डोंगराला वळसा घालून लांब गेला, आणि तो जाईपर्यंत माझा हात ताटात तसाच होता.

"प्रयून," वरून लुआंगपो म्हणाले, "भात थंड होतोय."

जेवणानंतर त्यांच्या कुटीपाशी गेलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"पाय दुखतात, कान नाही."

"मग मला सांगितलं का नाही? मी सरबत ठेवत होतो. नमस्कार घालत होतो. तुम्हाला येऊन किती वेळा विचारलं मी!"

"तू मे यानांगबद्दल विचारलंस, तेवढ्याचं मी सांगितलं," ते म्हणाले. "बायकोबद्दल काही विचारलं असतंस तर तेही सांगितलं असतं."

आता दुपार आहे. घरी निघून जावंसं वाटतं, पण शील घेतलं आहे, उद्या सकाळपर्यंत इथंच. राग येतो. मग सरबताची बाटली आठवते आणि हसू येतं, ते या पांढऱ्या वस्त्रात दाबावं लागतं. मग पुन्हा राग. ती एकदाही खोटं बोललेली नाही, हे मी आठवून आठवून तपासलं. "असेल बाई." "बसू द्या की तिला." "कंटाळली असेल बिचारी."

आणि त्याच्या आधीचं ते. "एक फेरी मारू का, पी?" मी तिला खूण होऊ दे म्हणालो होतो. खूण झाली, वर्षावास लागला, आणि मला त्या फेरीची आठवणसुद्धा राहिली नाही. माळ बदलायला मात्र मी एकदाही चुकलो नाही.

२८ ऑगस्ट

येताना मुद्दाम धरणाच्या रस्त्याने आलो. रस्ता खणलेला नाही, बंद नाही, झाड आडवं पडलेलं नाही. मग ती विहाराच्या बाजूने का गेली?

घरी आलो. सीट माझ्या जागी, आरसा माझ्या डोळ्यांना. चाकंसुद्धा पुसलेली. तिने काही मागे ठेवलं नव्हतं. लामदुआन मला पाहत उभी होती, मी गाडीकडे पाहत होतो.

"काही हललंय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मीच खोटं बोललो, आणि तेही शील सुटून तास झाला नव्हता तेव्हा.

काय म्हणू? चालव म्हणू? ती तर चालवतेच आहे. मी परवानगी देणारा कोण, असं मनात येतं. आणि मीच तर इतके दिवस सगळ्या परवानग्यांवर बसून आहे, असंही येतं. आणि भीतीही आहे. ती वळणं मी पाहिली आहेत. तिला काही झालं तर?

२९ ऑगस्ट

रायोंगचा माणूस आला. सोन्याची साखळी, पांढरे बूट. गाडीभोवती फिरला, पट्टी वाचली. "हिरवी? काका, डोळे तपासून घ्या!"

लामदुआन पाणी घेऊन आली होती. तिने तबक खाली ठेवलं आणि गाडीच्या टपावर नुसता तळवा टेकवला, निरोपाला टेकवतात तसा. मग आत निघून गेली.

"तर काका, व्यवहाराचं बोलू."

"विकायची नाही," मी म्हणालो.

"अहो, एवढ्या लांबून बोलावलंत! बयाणा घेऊन आलोय."

"चूक झाली माझी. गाडी माझी नाही."

"मग कुणाची?"

"इथे एक बाई असते," मी म्हणालो, "तिची आहे."

त्याने पट्टीकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं, पांढऱ्या खुणेकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. पाणी न पिता गेला. मँगोस्टीनची टोपली दिली, तीही घाईने घेतली.

आत लामदुआन चुलीपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार, घर काही मोठं नाही. आमटी करपली नाही.

१ सप्टेंबर, रविवार

रविवारसाठी थांबलो होतो. लामदुआनचा जन्म रविवारचा. तांबडा हा तिच्या वाराचाच रंग, हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. लग्नात ती तांबडंच नेसली होती.

सकाळी पांढरा सदरा घातला. माळ, केळी, अंडं, सरबत. उदबत्त्या लावून तिला हाक मारली. ती फडक्याला हात पुसत आली.

मी हात जोडले. "मे यानांग, मी प्रयून. मागे मी तुम्हाला चालकाचं नाव चुकीचं सांगितलं. ही लामदुआन. जन्म रविवारचा. सहाचाकी ट्रकवर शिकलेली आहे. आजपासून ही चालवणार. तुमची दोघींची ओळख आधीच झाली आहे असं ऐकतो. तिला सांभाळा."

वळून पाहिलं तर ती तोंडावर हात दाबून उभी होती, आणि मला कळेना की हसते की रडते. तिलाही कळत नसावं.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"जेवताना. सगळ्यांच्या नंतर."

"मला वाटलं होतं त्याआधी कळेल. सरबताच्या वेळी तरी." मग म्हणाली, "रागावलात?"

"दोन दिवस रागावलो होतो. इकडून का गेलीस? धरणाचा रस्ता बंद नव्हता."

तिने माळ सारखी केली.

मी गरम पाण्याची बादली आणि सुरी घेऊन मागच्या काचेपाशी बसलो. पट्टी ऊन पावसाने घट्ट बसली होती. आधी 'हिरवी' निघालं, मग 'आहे'. 'ही गाडी' एवढं बराच वेळ चिकटून राहिलं. नखाने खरवडलं. काच स्वच्छ पुसली.

ती उजव्या दाराशी उभी होती आणि आत बसत नव्हती. मग माझ्या लक्षात आलं. मी वाकून सीट पुढे सरकवली, वीतभर. आरसा खाली वळवला.

"भीती वाटते का, पी?"

"हो."

"मग डोळे मिटा."

"मिटणार नाही," मी म्हणालो, आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूने आत बसलो.